डोक्याला बांधलेलं मिग

'मिसळ खाऊन रोल मारू नये' अशी एक पिवळी चिठ्ठी माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलावर चिकटवलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी मेहुणा न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत बदाम-पिस्त्यांच्या पाकिटांमध्ये नीट गुंडाळलेला क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारा पडदा, माझ्यासाठी होता. रविवार होता. सकाळी सगळे मिळून मिसळ खायला गेलो होतो आणि मी तर्री दोनदा मागून घेतली होती. घरी आल्या आल्या हेडसेट डोक्याला चढवला, केबल पीसीला लावली, डीसीएस हा विमान उडवण्याचा खेळ सुरू केला आणि मिग-२१ बिस या लढाऊ विमानात जाऊन बसलो. पंधरा मिनिटं नुसती मजा. मग मेहुणा म्हणाला, "भाऊजी, जरा उलटं करून दाखवा की." मी स्टिक डावीकडं दाबली. क्षितिज एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, आणि तिसरी फेरी पुरी व्हायच्या आत मी हेडसेट काढून बाथरूमकडं पळालो. बायकोनं दाराबाहेरून विचारलं, "अहो, कुठं पडलं विमान?"

मी वैमानिक नाही. सातपूरच्या एका कारखान्यात परचेस बघतो, वय ४६, दूरचा चष्मा आहे. पण वाढलो नाशिकजवळच्या ओझरला, एचएएल या विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीच्या टाउनशिपमध्ये. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला. आधी त्याचा एफएल प्रकार, मग एम, मग बिस. आमचे अण्णा तिथं १९७२ ला लागले आणि २०१२ ला निवृत्त झाले. त्यांचं काम वायरिंगचं. विमानाच्या पोटातून जाणाऱ्या तारांच्या ज्या जुड्या असतात, त्यांना तिथं 'लूम' म्हणत. ते लूम बांधायचे, बसवायचे, तपासायचे. चाळीस वर्षं लढाऊ विमानांत डोकं घालून काम केलं, पण एकदाही त्यातून उडाले नाहीत. टेस्ट फ्लाइटला मिग वरून गेलं की क्वार्टरच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई म्हणायची, "गेलं यांचं."

तर विमानांचं वेड असं घरातूनच. २००१ साली 'इल-२ स्टुर्मोविक' हा विमानांचा खेळ आला, पाठोपाठ माझी पहिली नोकरी आणि पहिला असेंबल केलेला पीसी. नंतर डीसीएस. त्यात काही विमानं फुकट मिळतात आणि बाकीची एकेक करून विकत घ्यावी लागतात. मिग-२१ बिस २०१४ साली आलं, ते मी दिवाळीच्या बोनसमधून घेतलं. अण्णांना मॉनिटरवर दाखवलं तेव्हा "छान आहे रे चित्र" म्हणून ते पेपर वाचायला निघून गेले. त्यांचं बरोबरच होतं, मॉनिटरवर ते चित्रच होतं. पण हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

मॉनिटरवर उडवणारे आम्ही मान फिरवण्यासाठी एक जुगाड वापरायचो. टोपीच्या कडेला इन्फ्रारेडचे तीन छोटे दिवे, समोर कॅमेरा, आणि डोकं किती वळलं हे मोजणारं सॉफ्टवेअर. डोळे पडद्यावरच ठेवायचे असल्यामुळं डोकं जेमतेम १५-२० अंश वळवायचं आणि खेळातली मान मात्र दीडशे अंश फिरायची. सवय झाली की हे उत्तम चालतं. घुबडासारखी मान वळवून पाठीमागचं शत्रूचं विमान बघता येतं, कष्ट शून्य. माझी उडवण्याची सगळी विद्या त्या टोपीवर उभी होती.

हेडसेट चढवल्यावर सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की मिग-२१ किती लहान आहे!

वाचून माहीत होतं. पंखांचा पसारा सव्वासात मीटरही नाही, म्हणजे आमच्या हॉलच्या लांबीपेक्षा थोडासाच जास्त. पण मॉनिटरवरचं कॉकपिट भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं समोर टांगलेलं असतं, त्याला माप नसतं. हेडसेटमध्ये ते एकास एक मापाचं होऊन तुमच्याभोवती बसतं. कॅनपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाची, काच खांद्याला घासेल की काय असं वाटलं. मी नकळत कोपर आत घेतलं. तोफेचं नेमयंत्र नाकासमोर असं लोंबतंय की पुढचा निम्मा रस्ता त्यानंच खाल्लाय. हिरवट-निळ्या पॅनेलवर वेग, उंची दाखवणाऱ्या घड्याळांची दाटी. मी खाली वाकून पाहिलं तर गुडघ्यांमध्ये स्टिक आणि तिच्यापलीकडं अंधारात पेडल. या एवढ्याशा पिंपात माणूस बसून आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचा. आणि याच पिंपात अण्णा डोकं खाली, पाय वर करून तारा बसवायचे. ते घरी येऊन पाठीला बाम का लावून घ्यायचे, ते मला त्या रविवारी कळलं. मिसळ त्याच्यानंतर बाहेर आली.

आकार खरा वाटण्यामागं एक साधी गोष्ट आहे. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली जातात, आणि ती किती वेगळी हे दोन बुबुळांमधल्या अंतरावरून ठरतं. माझं ते अंतर ६६ मिलिमीटर. डीसीएसमध्ये हा आकडा हातानंही बदलता येतो. मुद्दाम ८० टाकून बघा, सगळं विमान खेळण्यातलं होतं आणि आपण त्यात कोंबलेले राक्षस. ५० टाका, कॉकपिट मंगल कार्यालयाएवढं. म्हणून नवीन माणसानं ग्राफिक्सच्या सेटिंगांना हात लावायच्या आधी हा आकडा नीट करावा. चष्मा लावून हेडसेट घालणाऱ्यांनी नंबरची भिंगं बसवलेल्या रिंगा मागवून घ्याव्यात. नाहीतर एकमेकांवर घासून चष्मा आणि हेडसेट दोघांच्या काचा जातात. मी आधी पैसे वाचवले आणि मग चष्मा बदलला.

आता खर्चाचं. परचेसवाला असल्यामुळं मी घरातल्या खरेदीचंही कंपॅरिटिव्ह स्टेटमेंट करतो, तीन कोटेशन घेऊन. हेडसेट त्यातल्या त्यात स्वस्त पडला, खरा खड्डा पीसीनं पाडला. आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि ६४ जीबी रॅम. इतकं कशाला लागतं? माझ्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल आहेत. दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाख, म्हणजे फोर-के मॉनिटरपेक्षाही जास्त. आणि ते सेकंदाला ७२ वेळा रंगवायचे. एका चित्राला १४ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. कार्डाला ते जमलं नाही की सॉफ्टवेअर मधली चित्रं अंदाजानं बनवून भरतं. समोर नुसतं आकाश असेल तर कळतही नाही, पण शेजारून विमान सुर्रकन गेलं की त्याच्या कडा पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या लवलवतात. पंख्याच्या विमानात तर पंख्याभोवतीची हवाच वितळल्यासारखी दिसते. मी सावल्या कमी केल्या, ढग मध्यमवर आणले आणि डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेल रंगवून बाकीचे अंदाजानं भरण्याची युक्ती, चालू केलं. हे शेवटचं डीसीएसमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात आलं आणि आमच्यासारख्या मध्यम ऐपतीच्या लोकांचं कल्याण झालं.

मग चित्र मॉनिटरपेक्षा चांगलं दिसतं का? नाही. वाईट दिसतं. लोक हे आधी सांगत नाहीत.

हिशोब करा. या हेडसेटमध्ये दर अंशाला सुमारे २५ पिक्सेल येतात, चांगला डोळा ६० पर्यंत ओळखू शकतो. समोरून येणारं मिग-२१, पंख सव्वासात मीटर, अंतर ८ किलोमीटर. ते तुमच्या डोळ्यात अंशाच्या विसाव्या भागाएवढं असतं. म्हणजे हेडसेटमध्ये एक पिक्सेल, फार तर दीड. मॉनिटरवाला झूमचं बटण दाबतो आणि आरामात बघतो. आमचा चौघांचा एक कंपू शनिवारी रात्री उडतो. कोल्हापूरचे एक दाताचे डॉक्टर, मस्कतला असलेला एक इंजिनिअर, पुण्यातला एक आयटीवाला पोरगा आणि मी. पोरगा अजून मॉनिटर आणि टोपीवरच आहे. मला तो दिसायच्या आधी त्याला मी दिसतो, दर शनिवारी. पहिल्या तीन महिन्यांत मी त्याला दोनदा पाडलं आणि त्यानं मला किती वेळा, ते मी मोजायचं सोडून दिलं. (इंजिनिअरची वेगळीच कथा. त्याचा आधीचा हेडसेट ज्या प्रणालीवर चालायचा, ती प्रणालीच बनवणाऱ्यांनी गुंडाळली. चांगला धडधाकट हेडसेट आता कपाटात पडून आहे.)

तरी मी परत टोपीकडं गेलो नाही. कारण एकच, अंदाज. मॉनिटरवर नजर मिळते, अंदाज मिळत नाही.

मिग-२१ उतरवणं हे फार अवघड काम आहे. बारीक त्रिकोणी पंख, त्यामुळं धावपट्टीवर टेकतानासुद्धा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. त्यात एक गोम आहे. उतरताना फ्लॅपवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांवर, इंजिनातली हवा फुंकली जाते, त्यानं पंखाला जास्तीची उचल मिळते. घाबरून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागं घेतला की ती हवा कमी होते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. मॉनिटरवर मी आकड्यांवर उतरायचो. वेग इतका, उंची इतकी, आता नाक वर. दहातली चार लँडिंग चांगली, चार आपटून आणि दोन शेतात.

हेडसेट घालून दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी नुसती लँडिंग करत बसलो. सहावं की सातवं असेल. पट्टीचं तोंड नेमयंत्राच्या काचेच्या खाली सरकत होतं. घड्याळाकडं बघायचं राहून गेलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात, कॅनपीच्या दोन्ही बाजूंनी, गवत आधी सावकाश वाहत होतं, मग त्याच्या रेघा व्हायला लागल्या, आणि पट्टीच्या दोन कडा एकदम पसरून कानांपर्यंत आल्या. घरी जिना उतरताना शेवटची पायरी पायाला जशी आपोआप कळते, तशी जमीन कळली. हात आपोआप मागं आला. चाकं टेकली ती मला आवाजावरून समजली. शेपटीचं पॅराशूट सोडलं, विमान पट्टीवर सरळ पळत राहिलं आणि मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, "अरे वा!" मुलगी दार उघडून बघून गेली.

तेव्हापासून आकड्यांवर उतरलेलो नाही.

हेलिकॉप्टरचंही तेच. एमआय-८ जमिनीवर पाच मीटर अधांतरी धरून ठेवणं मला मॉनिटरवर पाच वर्षांत जमलं नव्हतं. हेडसेटमध्ये बाजूच्या खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि दोन संध्याकाळींत जमलं. आणि जुनी जर्मन विमानं घ्या. मेसरश्मिट १०९ ची कॅनपी म्हणजे जाड पट्ट्यांची खिडकी, मॉनिटरवर तिच्या प्रत्येक पट्टीमागं एक स्पिटफायर दडून बसलेलं असायचं. हेडसेटमध्ये दोन डोळे आहेत, आणि पट्टी दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अरुंद असली की एका डोळ्याला जे झाकलं जातं ते दुसऱ्याला दिसतं. पट्टी जणू काचेची होते. मी वीस वर्षं त्या विमानाच्या बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतो. स्पिटफायर जमिनीवर चालवताना लांबलचक नाकामुळं समोरचं काही दिसत नाही, तर आता मी सरळ डोकं डावीकडं काढून बघतो, रिक्षावाले बघतात तसं.

पांढऱ्या रेघेचं मात्र सांगायलाच हवं. मिग-२१ च्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली आहे. मॉनिटरवर इतकी वर्षं मला ती नक्षी वाटायची. एकदा हेडसेटमध्ये वळणात हावरटपणा केला, वेग संपला आणि विमान स्पिनमध्ये गेलं. जमीन, आकाश, जमीन, आकाश. नजर बाहेर टिकेना. पोटात ढवळायला लागलं. त्या सगळ्या गरगरीत एकच गोष्ट जागेवर होती, समोरची पांढरी रेघ. स्टिक तिच्यावर नेऊन दाबली, पेडल उलट्या बाजूला, आणि ९०० मीटर उरले असताना विमान सरळ झालं. अण्णांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग, ती रेघ काय हौस म्हणून मारलीये? डोकं फिरल्यावर माणसाला मध्य सापडत नाही."

डोकं फिरणं हा या छंदाचा रोजचा विषय आहे. डोळे म्हणतात आपण उलटे झालो, कान म्हणतो आपण खुर्चीत बसलोय, आणि या भांडणाचा निकाल पोट देतं. गंमत अशी की खऱ्या वैमानिकाला याच्या उलट शिकवतात. ढगात शिरल्यावर तुझा कान खोटं सांगेल, त्याचं ऐकू नकोस, घड्याळांकडं बघ. इथं कान खरं सांगतोय, डोळेच फितूर झालेत. उपाय मी करून बघितले ते असे. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. चित्र अडखळायला लागलं की लगेच थांबायचं. 'अजून एकच' म्हणायचं नाही, कारण एकदा मळमळ सुरू झाली की रात्रभर राहते. आल्याचा तुकडा तोंडात. आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे समोरून टेबल फॅन. वारा तोंडावर येत राहिला की घामही येत नाही आणि खोलीत आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे याची खूण राहते. शिवाय कॅनपी उघडी ठेवून टॅक्सी करताना जो काही आनंद होतो! महिन्या-दीड महिन्यात पोटाला सवय झाली. आता मी रोल मारतो. मिसळ मात्र वेगळ्या दिवशी.

मान ही दुसरी अडचण. टोपीवर १५ अंशांत जे भागायचं, त्यासाठी आता खरोखर मान आणि कंबर वळवावी लागते, वर अर्ध्या किलोचं ओझं डोक्यावर. पहिल्या महिन्यात मान अशी धरली की फिजिओथेरपिस्टकडं गेलो. बाईंनी विचारलं, "काही वजन उचललं होतं का?" मी म्हटलं, "नाही, पाठीमागं बघत होतो." हळूहळू युक्ती सापडली. डाव्या हातानं टेबलाची कड धरायची आणि तिच्यावर जोर देऊन सगळं धड वळवायचं. अमेरिकन विमानांत वैमानिक असेच कॅनपीजवळच्या दांड्याला धरून वळतात. मला तो दांडा कशासाठी हे तोवर कळलंच नव्हतं.

आणि मग घर. हेडसेट चढवला की घर नाहीसं होतं, पण तुम्ही घरातून नाहीसे होत नाही. इंजिन सुरू करायच्या कळांकडं हात नेताना मी चहाचा कप थ्रॉटलवर उलटा केलाय. कीबोर्ड दिसत नाही म्हणून महत्त्वाच्या चार कळांवर बायकोच्या खड्याच्या टिकल्या लावल्यात. हिरवा खडा चाकांसाठी, लाल पॅराशूटसाठी. अर्थात रंग दिसतच नाही, बोटाला खडा लागतो एवढंच. रंग हिच्या आग्रहाखातर. एकदा ऐन झटापटीत, पुण्याचा तो पोरगा माझ्या समोर अवघ्या आठशे मीटरवर, तोफेचे दोनशेच्या दोनशे गोळे शिल्लक, आणि लाइट गेली. पीसी बंद. हेडसेटची स्वतःची बॅटरी असल्यामुळं तो चालूच राहिला आणि मला कॉकपिटऐवजी एक निवांत, रिकामी, दिव्यांनी उजळलेली खोली दाखवू लागला. बाहेर सगळी कॉलनी अंधारात. दुसऱ्याच दिवशी यूपीएसचं कोटेशन मागवलं.

मेहुणा याला खेळणं म्हणतो. म्हणू दे. पण डोक्याला पडदा बांधून कृत्रिम जग दाखवण्याची कल्पना लढाऊ विमानांच्या आसपासच वाढली. टॉम फर्नेस नावाचे इंजिनिअर अमेरिकेच्या वायुदलात, राइट-पॅटरसन तळावर, १९६० च्या दशकापासून यावरच काम करत होते. कॉकपिटमध्ये इतकी घड्याळं आणि बटणं झाली होती की माणसाला झेपेनात, म्हणून सगळी माहिती सरळ वैमानिकाच्या डोळ्यांसमोर मांडायची. १९८२ च्या सुमाराला त्यांनी त्याचं एक अजस्र शिरस्त्राण करून दाखवलं. आणि २०१८ साली त्याच वायुदलानं टेक्सासमधल्या ऑस्टिनला शिकाऊ वैमानिकांची एक तुकडी बाजारात मिळणारे व्हीआर हेडसेट घालून शिकवून पाहिली. अर्थात त्यांना नंतर खऱ्या विमानात बसायला मिळालं. आम्हाला नंतर जेवायला बोलावतात.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला. बासष्ट वर्षांची सेवा. अण्णांनी तो कार्यक्रम टीव्हीवर शेवटपर्यंत बघितला. काही बोलले नाहीत, फक्त मधे एकदा विमानाचं पोट दिसलं तेव्हा "त्या झाकणाचे स्क्रू काढताना बोटं सोलायची" म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी ते आमच्याकडं आले होते. मी धीर करून विचारलं, "अण्णा, बसता का मिगमध्ये?"

वय ७३. मला पोटाची काळजी होती, म्हणून विमान पट्टीच्या कडेला, इंजिन बंद, असं उभं केलं आणि हेडसेट त्यांच्या डोक्याला चढवला. त्यांना जे दिसतं ते मला मॉनिटरवर दिसत होतं. आधी त्यांनी काहीच केलं नाही. मग चित्र सावकाश उजवीकडं वळलं, खाली गेलं आणि उजव्या बाजूच्या कळांवर थांबलं. मी लेबलं रशियनच ठेवलेली असतात. "अकुमुल्यातर," त्यांनी वाचलं. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. जन्मात कधी त्यांच्या तोंडून रशियन शब्द ऐकला नव्हता. "अरे, रशियन लोक होते की आमच्याकडं सुरुवातीला. त्यांचे नकाशे रशियनमध्येच. अक्षरं शिकावीच लागली." मग एकेक लेबल. काही वाचली, काहींवर "हे आमच्याकडं वेगळं होतं" म्हणाले, आणि हात हवेत उचलून नसलेल्या कळांवर बोटं टेकवत गेले. खुर्ची माझी, ऑफिसातली, चाकांची. बसणारा माणूस विमानात.

मग ते पुढं वाकले. वाकले, अजून वाकले, आणि मॉनिटरवर पॅनेल जवळ येत येत एकदम नाहीसं झालं. खेळातल्या भिंती डोक्याला अडवत नाहीत. पॅनेलच्या पलीकडं गेल्यावर तिथं नुसतं गवत होतं आणि पट्टीचं काँक्रीट.

"अरे," अण्णा म्हणाले, "मागं काहीच नाही."

मी सांगायचा प्रयत्न केला, की दिसणार नाही ते बनवत नाहीत, कार्डावर बोजा पडतो. त्यांनी दोन-तीनदा डोकं आत-बाहेर करून खात्री केली. "लूम नाही, पाइप नाही. मग ही घड्याळं चालतात कशावर?"

"अण्णा, ते प्रोग्रॅमवर."

"हं."

मी विचारलं, उडवून दाखवू का, सावकाश, सरळ रेषेत? नको म्हणाले. "ग्राउंड रन दे." म्हणजे इंजिन सुरू करायचं, घड्याळं बघायची आणि बंद करायचं. मी कीबोर्डवरून एकेक कळ लावत गेलो. आधी बॅटरी, मग पंप, मग स्टार्टर. हेडसेटच्या स्पीकरमधून बारीक शीळ वर चढत आली. त्यांची नजर बाहेर गेलीच नाही. आरपीएम, मग जेपीटी (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), परत आरपीएम. ओठ हलत होते, आकडे मोजत असावेत. इंजिन आयडलला येऊन स्थिर झालं. मिनिटभर त्यांनी ऐकलं. "बंद कर," म्हणाले, आणि काटे पार खाली येईपर्यंत बघत बसले.

हेडसेट काढला तेव्हा कपाळावर त्याचा वळ उठला होता. चष्मा शोधला, लावला आणि म्हणाले, "स्नॅग शीट आण."

स्नॅग शीट म्हणजे विमानातल्या दोषांची यादी. मी कॅलेंडरचं उलटलेलं पान आणि पेन दिलं. त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख. प्रकार, मिग-२१ बिस. ग्राउंड रन, ७ मिनिटं. स्नॅग क्रमांक १, पॅनेलच्या मागे लूम बसवलेला नाही. स्नॅग क्रमांक २, सीट हलते. खाली सही, तीच लांब शेपटीची, जी माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची. 'कार्यवाही'चा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "माल आला की भरू. परचेसला तूच आहेस ना?"

खुर्चीची चाकं काढून टाकलीयेत. दुसरा स्नॅग तेवढा बंद झाला.